फुटणाऱ्याला दंड, की थांबणाऱ्याला लाभ?



येत्या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव येणार आहे. गटाच्या गंजीत कापूस टाकायचे कबूल करून जो सभासद बाहेर माल विकेल त्याच्याकडून क्विंटलमागे २०० रुपये दंड घ्यावा आणि दुसऱ्यांदा तसे केले तर त्याला गटातून काढून टाकावे, असा तो ठराव. तालुक्याच्या बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही टाळी वाजवली नाही. का वाजवली नाही ते येथे सांगतो, म्हणजे हात वर करण्याआधी सर्वांना विचार करायला चार दिवस मिळतील.

आधी झाले काय ते पाहू. २०२४-२५ च्या हंगामात एका गावातल्या ४२ घरांनी एकत्र बसून ठरवले की ७,४०० च्या खाली कोणी कापूस द्यायचा नाही. मागणी काही अवास्तव नव्हती. केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर केलेला होता. पण सरकारी खरेदीचे केंद्र ४० किलोमीटरवर, तिथे गाड्यांची रांग, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. म्हणून गावातच गंजी लावून व्यापाऱ्याला बोलवायचे ठरले. पाचव्या रात्री जिनवाल्याचा माणूस गावात आला. तो बैठकीत आला नाही, ज्याच्या घरी सर्वांत जास्त कापूस होता त्याच्या ओसरीवर गेला. ७,२०० रोख, कटती नाही, गाडी दारात. सकाळी चार घरांचा कापूस गेलेला होता, आठवडाभरात अकरा घरांचा. उरलेल्यांनी शेवटी ६,९०० ने माल दिला.

मग गावात नेहमीचे सुरू झाले. फितूर कोण, विकला कोण गेला. आम्हीही त्या रागात सामील होतो, हे लपवत नाही. पहिल्या चौघांपैकी एकाला आम्ही जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कापूस घरात ठेवून लेकीच्या कॉलेजची फी भरता येत असेल तर सांगा. ठेवतो." आमच्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही कृषी पदवीचे विद्यार्थी होतो तेव्हा कपाशीला नत्र किती, स्फुरद किती हे पाठ केले. भावाबद्दल फळ्यावर दोन रेघा पाहिल्या. एक मागणीची, एक पुरवठ्याची. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो भाव, त्याला समतोल म्हणायचे. रेघा का छेदतात, आणि त्या जागी भाव कोण आणून बसवतो, हे कोणी सांगितले नाही. पुढे चळवळीत आल्यावर वाचत गेलो तेव्हा कळले की या प्रश्नावर सव्वाशे-दीडशे वर्षे गणित झालेले आहे, आणि ते आपल्या गंजीला जसेच्या तसे लागू पडते. त्या गणिताला सहकारी खेळांचे गणित म्हणतात. हा सहकार म्हणजे चेअरमन, सचिव आणि ऑडिटचा शेरा असलेला सहकार नव्हे. माणसे गट करून काही मिळवतात, मग मिळवलेले वाटून घेतात. वाटणी कशी केली तर गट टिकतो आणि कशी केली तर फुटतो, याचा हिशेब म्हणजे हे गणित.

१८८१ साली इंग्लंडात फ्रान्सिस एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने भाव किती असावा हे विचारण्याऐवजी वेगळाच प्रश्न विचारला. बाजारात झालेला कोणता सौदा कोणी मोडणार नाही? १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी गटांचे आणि युतीचे गणित ग्रंथरूपाने मांडले. १९५० च्या दशकात प्रिन्स्टनला डोनाल्ड गिलीज आणि लॉइड शॅप्ली यांनी न मोडणाऱ्या वाटण्यांना नाव दिले, त्याला आपण गाभा म्हणू. गाभ्यातली वाटणी म्हणजे अशी की कोणीही एकटा, दोघे किंवा पन्नास जण उठून बाजूला जाऊन बसले तरी त्यांना आपल्या बळावर त्याहून चांगले काही मिळवता येत नाही. बस, एवढेच. यात कोण गरीब, कोण लबाड, कोण पुण्यवान हा प्रश्नच येत नाही.

आता हिशेब करू. एका शेतकऱ्याकडे एक क्विंटल कापूस आहे. हा सौदा झाला नाही तर तो माल लांबच्या बाजारात नेईल, आणि भाडे-हमाली वजा जाता त्याच्या हातात ६,७०० पडतील. व्यापाऱ्याला त्याच कापसाची रुई आणि सरकी विकून, जिनिंगचा खर्च वजा जाता ७,६०० मिळणार आहेत. म्हणजे दोघांनी सौदा केला तर वाटायला ९०० रुपये आहेत. एक विकणारा, एक घेणारा असेल तर ६,७०० पासून ७,६०० पर्यंत कोणताही भाव गाभ्यात बसतो. कोण किती ताणतो त्यावर सारे.

आता शेतकरी दोन झाले, व्यापारी एकच, आणि त्याला एकच क्विंटल हवा आहे. समजा पहिल्याशी ७,००० ला ठरले. दुसरा म्हणेल मी ६,९०० ला देतो. व्यापाऱ्याचे १०० वाचले, दुसऱ्याला ६,७०० ऐवजी ६,९०० मिळाले, दोघांचे भले झाले, सौदा मोडला. मग पहिला ६,८०० वर येतो. असे घसरत घसरत भाव ६,७०० वर येऊन थांबतो. ९०० चे ९०० व्यापाऱ्याच्या खिशात. दुसरा कोणताही भाव टिकत नाही. उलट शेतकरी एक आणि व्यापारी दोन असतील तर भाव चढत चढत ७,६०० वर जातो आणि सारे ९०० शेतकऱ्याला मिळतात.

यातली खरी गोम पुढे आहे. दोन आणि एक ऐवजी शंभर गाड्या आणि नव्याण्णव घेणारे धरा. उत्तर तेच येते. शंभरांपैकी एकच गाडी जादा, पण तिच्यापायी बाकीच्या नव्याण्णव गाड्यांचा भावसुद्धा ६,७०० होतो. व्यापारी देवमाणूस असला तरी होतो आणि शेतकऱ्यांत एकही फितूर नसला तरी होतो. डिसेंबरात यार्डाच्या फाटकाबाहेर गाड्या का उभ्या असतात आणि फाटकाच्या आत भाव का पडतो, याचे हे उत्तर.

आणि हा ६,७०० कोणता? फळ्यावरच्या दोन रेघा जिथे छेदतात तोच. त्या भावाला जादा गाडीवाला म्हणतो, "मला विकले काय, न विकले काय, सारखेच," आणि बाजूला होतो. मागणी आणि पुरवठा जुळतात. ऑस्ट्रियाच्या ऑयगेन फॉन ब्यॉम-बावेर्क या अर्थशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये घोड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते. १० गिऱ्हाइके, ८ घोडेवाले, प्रत्येकाच्या मनातला आकडा वेगळा. त्या बाजारात पाचच घोडे विकले जातात आणि भाव २१ ते साडेएकवीस एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकतो. शॅप्ली आणि मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्ये असल्या बाजाराबद्दल दाखवून दिले की न मोडणाऱ्या वाटण्या आणि बाजाराचे समतोल भाव एकच असतात. त्याआधी १९६३ मध्ये जेरार डब्रू आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी, आणि १९६४ मध्ये रॉबर्ट ऑमन यांनी, एजवर्थचे म्हणणे सर्व तऱ्हेच्या मालांच्या बाजाराला लावून सिद्ध केले. दोन्ही बाजूंनी माणसे पुष्कळ असतील आणि कोणालाही कोणाशीही गट करायची मोकळीक असेल, तर न मोडणारे सौदे आकसत आकसत बाजारभावापाशी येतात.

म्हणजे बाजारभाव आकाशातून पडत नाही. प्रत्येकाला उठून दुसरीकडे जाता येते, त्या जाण्यायेण्यातून तो तयार होतो. सौदा एका दारात होतो, पण भाव दुसऱ्या दारावर ठरतो. दुसरे दार कोणाला उघडे आहे आणि किती लांब आहे, एवढाच खरा प्रश्न.

आता आपल्या बाजाराला ही कसोटी लावा. विकणारे हजारो. घेणारे? परवाने किती जणांच्या नावावर आहेत आणि लिलावात बोली खरोखर किती जण लावतात ते तुम्ही जाणता. चार जिनवाले सकाळी चहा पिताना भाव ठरवून आले तर ते चार नाहीत, एकच आहेत. शेतकऱ्याला दुसऱ्या यार्डात जायला मोकळीक आहे म्हणतात. पाच क्विंटल कापूस घेऊन ६० किलोमीटर जायचे भाडे जमेस धरले की ती मोकळीक कागदावर राहते. बियाण्याची आणि औषधांची उधारी ज्याच्याकडे आहे त्यालाच माल द्यायचा असेल तर तेवढीही राहत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, ही म्हण आपल्या लोकांनी हे गणित येण्याआधीच करून ठेवली आहे.

कोणी विचारील, मग न्याय कुठे गेला? त्याचाही हिशेब शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडला. ज्याच्या येण्याने जेवढी भर पडते तेवढे त्याला द्यावे, आणि कोण आधी आला कोण नंतर आला याची सर्व पाळींनी सरासरी काढावी. दोन शेतकरी आणि एक व्यापारी या उदाहरणात या रीतीने व्यापाऱ्याला ६०० आणि दोघा शेतकऱ्यांना दीडदीडशे येतात. ज्यांनी पिकवले त्यांना शून्य देणाऱ्या वाटणीपेक्षा ही कितीतरी न्याय्य. पण ती टिकत नाही. व्यापाऱ्याचे ६०० आणि एका शेतकऱ्याचे १५० मिळून ७५० होतात. तेच दोघे रात्री ओसरीवर वेगळे बसले तर त्यांना ९०० वाटून घेता येतात. मधले १५० रुपये हेच जिनवाल्याच्या माणसाला गावात घेऊन येतात. आपल्या ४२ घरांचा ७,४०० चा भाव असाच होता. तो न्याय्य होता, पण टिकाऊ नव्हता. चळवळीत आपण वर्षानुवर्षे ही गल्लत केली. भाव न्याय्य आहे एवढे सिद्ध केले की तो टिकेल असे धरून चाललो.

टिकवायचे तर दोन मार्ग आहेत. एक, बाहेर जायचे दार बंद करायचे. दुसरा, घरातला भाव वाढवायचा. बैठकीपुढचा ठराव पहिल्या मार्गाचा आहे. तो महाराष्ट्राने एकदा चालून पाहिला आहे. १९७२ पासून आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, दुसऱ्याला विकणे गुन्हा. हेतू काय होता त्या वादात शिरत नाही. बाहेरचा भाव चढला की विदर्भ-मराठवाड्याचा कापूस रात्री हद्दीपार जाई, नाके आणि पोलीस असतानाही. बाहेरचा भाव पडला की परराज्याचा कापूस आत येई. म्हणजे योजनेकडे माल यायचा तो तोट्याच्या वर्षी जास्त आणि नफ्याच्या वर्षी कमी. चुकारे थकत, केंद्रावर गाड्या खोळंबत. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीची वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. कायदा, शिक्षा आणि पोलीस हाताशी असलेल्या सरकारला जे दार बंद ठेवता आले नाही, ते आपण २०० रुपयांच्या दंडाने बंद ठेवणार आहोत काय? आणि ज्याला फी भरायची आहे त्याच्याकडून दंड वसूल करायला जाणार कोण?

दुसरा मार्ग पाहा. आपल्या उदाहरणात शेतकऱ्याचा आधार ६,७०० होता. काही करून तो ७,२०० वर नेला, तर गाड्या शंभर असोत की दोनशे, ७,२०० च्या खाली कोणी उतरणार नाही. कोणाला शपथ घालावी लागत नाही, दंडही लागत नाही. आपल्या घरात याचे उदाहरण आहे, ज्वारी. ज्वारीचा भाव पडला तर बाई म्हणते, राहू द्या घरात, खाऊ. कडबा जनावरांना होतोच. कणगीतली ज्वारी थांबू शकते म्हणून ज्वारीवाला थोडा तरी ताणू शकतो. कापूस चुलीवर शिजत नाही. म्हणून कापूसवाला आधी वाकतो.

कापसाला थांबण्याचे बळ कशाने येईल? आमच्या मते तीन गोष्टींनी.

पहिली, वेचणीच्या वेळी हातात पैसा. गटाच्या गोदामात माल टाकला की त्याच दिवशी निम्मीअधिक उचल मिळाली पाहिजे, बाकी विक्रीनंतर. पावतीवर कर्ज देता यावे म्हणून २००७ चा गोदाम कायदा आहे. उत्पादक कंपनी काढायची सोय २००२ च्या कायदादुरुस्तीने झाली आहे. ही साधने परिपूर्ण नाहीत, पण दंडाच्या पावती-पुस्तकापेक्षा बरी आहेत.

दुसरी, स्वतःचे दुसरे दार. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि १७० किलोची गाठ व्हायला पाच क्विंटल कापूस लागतो. आठ क्विंटलवाल्याची दीड गाठ, तिला विचारणार कोण? ४२ घरांच्या झाल्या सुमारे ६७ गाठी. शेजारचे एक गाव मिळाले की शंभराच्या पुढे. तेव्हा भाडे देऊन जिनिंग करून घेता येते, सरकी वेगळी विकता येते, सूतगिरणीशी थेट बोलता येते. एकी ही भावना म्हणून नव्हे, तर एकट्याला न मिळणारे पैसे एकीने मिळतात म्हणून करायची. जिथे एकीने जादा काही मिळत नाही तिथे ती टिकणारही नाही.

तिसरी, गंजीत प्रतवारी. दहा घरांचा स्वच्छ, कोरडा कापूस बाहेर ७,५०० ला जातो आणि दहा घरांची कवडी ६,९०० ला. गटाने सर्वांना सरासरी ७,२०० दिले तर स्वच्छ कापूसवाली दहा घरे एक दिवस उठून जातील, आणि त्यांना फितूर म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. गटातल्या प्रत्येक लहान गटाला बाहेर मिळेल त्याहून कमी देऊ नये, हा गाभ्याचा नियम गंजीलाही लागू आहे.

हे गावापुरते झाले. दारांचा हिशेब दिल्लीलाही विचारायचा आहे. ५ मार्च २०१२ ला अधिसूचना काढून कापसाची निर्यात बंद केली गेली. आपले दार बंद झाले. बंदी पुढे उठवली, पण यार्डातला भाव तोवर पडून गेलेला असतो. १९ ऑगस्ट २०२५ ला, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. गिरण्यांचे दार उघडले. २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होता हे खरे. सरकारी केंद्र जवळ असेल, वेळेवर उघडेल आणि माल घेईल तर तेही दुसरे दार आहे. तिथे एक क्विंटलही न विकता त्याच्या असण्यानेच व्यापारी वर सरकतो. पण हंगाम अर्धा उलटल्यावर उघडलेले दार हे दार नव्हे. गिरण्यांचे दार बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यासाठी उघडे ठेवता तसे आमचेही उघडे ठेवा, एवढेच म्हणतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या मार्गाने आधार वाढतो, छत वाढत नाही. ७,६०० ची वरची मर्यादा रुईचा आणि सरकीचा भाव ठरवतो. जगात रुई पडली तर गोदामातला कापूस व्याज आणि भाडे खात बसेल. संघटना केली म्हणजे पाहिजे तो भाव मिळतो असे सांगणारा पुढारी खोटे बोलतो. आपल्याला मागायचा आहे तो आधार आणि छत यांच्या मधला, आजवर एकाच बाजूला गेलेला पैसा.

मग शिस्त नकोच काय? हवी. गटाची उचल ज्याने घेतली त्याने तेवढा माल गटालाच दिला पाहिजे, हे लिहून घ्यावे आणि पाळावे. तो घेतल्या पैशाचा व्यवहार आहे. पण गटाने ज्याला काही दिले नाही, त्याला गटाने दंडही करू नये.

म्हणून आमची सूचना अशी. दंडाचा ठराव बाजूला ठेवावा. त्याऐवजी प्रत्येक गावाने उचलीसाठी किती रक्कम लागेल, कोणते गोदाम मिळेल आणि कोणते शेजारचे गाव जोडीला येईल, याचा आराखडा महिनाभरात द्यावा. आणि बैठकीला येताना प्रत्येकाने घरी बसून एका कागदावर दोन गोष्टी लिहून आणाव्यात: आपला किती क्विंटल कापूस कोणत्या तारखेला विकल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि ते कशासाठी. नाव लिहू नये. ते कागद एकत्र करून बेरीज केली की आपल्याला किती पैसे, किती दिवसांसाठी उभे करायचे आहेत ते कळेल. ती रक्कम कदाचित आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान निघेल. मोठी निघाली तरी, ४२ घरे पुन्हा कशाने फुटतील ते या वेळी आधी ठाऊक असेल.